बाई, जबडा जागेवर आहे

बाई, परवा तुमच्या पुतणीनं मला तोंड उघडायला लावलं, तुमची ती छोटी पोलादी फूटपट्टी वरच्या दातांना टेकवली आणि ते खालच्या दातांच्या किती पुढे आहेत तो आकडा वाचला. तीन मिलिमीटर. तीन! मी पंधरा वर्षांची असताना तुम्ही मोजलंत तेव्हा तीन, आज बावन्नाव्या वर्षीही तीन. दोन बाळंतपणं झाली, अक्कलदाढा गेल्या, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं बोलून बोलून घसा घोगरा झाला, पण जबडा हलला नाही. मी खुर्चीतूनच ओरडले, "अनिता, बाईंना फोन लाव गं!" मग दोघींना एकदमच आठवलं. अनिता फूटपट्टी पुसत राहिली आणि मी खिडकीतून खाली गिरगावातली रहदारी बघत राहिले.

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस होतात. तुम्ही कुठे शिकलात, कुठे शिकवलंत, कुणाकुणाला तयार केलंत, ते सगळं पेपरात येऊन गेलं. ते मला लिहायचं नाही. मला तुमच्याशी बोलायचंय. आनंदाची बातमी आहे, आणि तिला चिकटून एक गोष्ट आहे जी मी तुमच्यापासून लपवली. दोन्ही एका दमात सांगते, नाहीतर दुसरी पुन्हा राहून जाईल.

परळच्या आमच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत तुम्ही दात तपासायला आलात तेव्हा मी सहावीत होते. तुम्ही जेमतेम अठ्ठावीसच्या. पांढरा कोट, कोटाच्या खिशातून डोकावणारा आरसा, आणि बोलणं असं भरभर की आमच्या बाईंना दोनदा विचारावं लागे. मी रांगेत ओठ मिटायचा प्रयत्न करत उभी होते. ते मिटत नसत. वरचे दात बाहेर आलेले, खालचा जबडा मागे, हनुवटी जणू गळ्यातच उतरलेली. मुली मला 'खार' म्हणायच्या. तुम्ही दोन बोटांनी माझी हनुवटी धरून जबडा हलकेच पुढे ओढलात आणि चक्क ओरडलात, "अरे वा! येतोय की पुढे!"

माझ्या तोंडाकडे बघून कुणाला आनंद झाला, असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. मला राग आला.

"म्हण बघू, मुंबई," तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं. ओठाला ओठ लागेना, म्हणून म म्हणताना आणि ब म्हणताना माझे वरचे दात खालच्या ओठावर टेकायचे. 'व्हुंवई' असं काहीतरी बाहेर पडलं. वर्ग फिदीफिदी हसला. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही कानाशी येऊन विचारलंत, "पाळी आली का गं?" मी मान हलवली, नाही. "उत्तम! म्हणजे अजून वाढायचंय. तुला मी सोडत नाही आता!"

त्या आठवड्यात बाबा मला घेऊन ट्रामनं गिरगावात आले. तुमचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, खाली छत्र्यांचं दुकान. कपाटात ओळीनं प्लॅस्टरचे पांढरे जबडे मांडलेले. बाबा गिरणीत साचेखात्यात होते, तिथे मागाला साचाच म्हणतात. तुम्ही म्हणालात, "हे मुलांच्या दातांचे साचे." बाबा हसले. "साचे आमच्याकडेपण आहेत बाई. पण चावत नाहीत ते." तेवढ्यावर तुमची दोघांची गट्टी जमली.

तुम्ही बाबांना सगळं नीट समजावून सांगितलंत. खालचा ओठ वरच्या दातांच्या मागे अडकतो आणि त्यांना आणखी बाहेर ढकलतो. वरखालच्या दोन्ही दातांवर बसणारा एकच गुलाबी ठोकळा करायचा, तो तोंडात धरला की खालचा जबडा पुढेच राहतो. शाळेतून आल्यापासून सकाळपर्यंत घालायचा. मुलगी वाढीला लागलेली आहे, तेवढ्यात स्नायू आणि दात नव्या जागेला रुळतील. आणि मग तुम्ही हेही सांगितलंत, ज्याची काही गरज नव्हती: इस्पितळातले तुमचे सर या सगळ्याच्या विरोधात होते. "सर म्हणतात, आज पुढे आणशील, वाढ संपेपर्यंत आपोआप मागे जाईल. मला ते खोटं ठरवायचंय. तुमच्या मुलीच्या तोंडात." किती सरळ बोलायचात तुम्ही! दुसरा बाप उठून गेला असता. बाबा म्हणाले, "ठरवा."

आईनं मात्र ठोकळा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "ह्या तोंडात धरून निजाचा कसा? आणि गिळल्यान तर?" पहिले आठ दिवस मी लाळेनं उशी भिजवली. बोलता तर येतच नव्हतं. ठोकळा तोंडात असला की मी खुणा करायची आणि चाळीतली पोरं माझ्या खुणांची नक्कल करायची.

आणि दिवस कसले होते ते! लालबागमध्ये प्रत्येक भिंतीवर चुन्यानं लिहिलेलं, प्रत्येक नाक्यावर सभा, संध्याकाळी आमच्या चाळीच्या अंगणात कलापथकाची तालीम. बाबा डफ वाजवायचे. माझ्या वयाच्या मुली कोरसमध्ये उभ्या राहायच्या आणि मी गॅलरीत कठड्याला टेकून, तोंडात ठोकळा. एकदा बाबांनाच राहवलं नाही. ते तुमच्याकडे आले.

"बाई, साऱ्या मुंबईनं तोंड उघडलंय आणि तुम्ही माझ्या पोरीचं तेवढं बंद करून ठेवलंय."

"तिला गाणं येतं?" तुम्ही विचारलंत.

"आवाज चांगला आहे. शब्द लागत नाहीत."

"मग मला दीड वर्ष द्या. शब्द लागतील."

"दीड वर्षात संयुक्त महाराष्ट्र झाला तर? आमची पोरगी राहिली ना बाहेर!"

"होत नाही एवढ्यात," तुम्ही म्हणालात, आणि लगेच जीभ चावलीत. बाबा चिडायचे राहिले आणि दोघंही मोठ्यानं हसलात.

तो बंदचा दिवस मी कशी विसरेन? ट्रामा डेपोत, दुकानांच्या फळ्या लावलेल्या, आणि माझी तारीख नेमकी तीच. आम्ही धरूनच चाललो होतो की आता पुढचा महिना. अकराच्या सुमाराला चाळीखाली गलका झाला. बघते तर तुम्ही! गिरगावपासून लालबागपर्यंत चालत, खांद्याला कापडी पिशवी, घामानं भिजलेल्या, दोन्ही बाजूंना पोलीस. त्यांनी तुम्हाला नाक्यावर अडवलं होतं.

"पिशवीत काय?" हवालदारानं विचारलं.

"जबडे," तुम्ही म्हणालात.

त्यानं पिशवी उघडायला लावली. वर माझ्याच दातांचे दोन साचे, खाली प्लॅस्टरचा डबा. हवालदार दचकून मागे सरकला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तोच तुम्हाला सोडायला आला, वर म्हणतो कसा, "आमच्या धाकटीचेपण दात पुढे आहेत बाई. आणू का?" तुम्ही त्याला दवाखान्याचा पत्ता दिलात!

आमच्या गॅलरीत पाट मांडून तुम्ही माझ्या दातांचा ठसा घेतलात. अख्खी चाळ जमली होती. आईच्या पितळी परातीत प्लॅस्टर कालवलंत, ते घट्ट होईपर्यंत सोलकढी भात जेवलात, आणि साचा निघाल्यावर जुन्याशेजारी ठेवून बघितलात. आधी नऊ मिलिमीटर होतं. आता सहा. तुम्ही पाटावरून उठून आईला मिठी मारलीत. आईला काय करावं कळेना. "वाढतंय तिकडेच दात रुळतायत!" तुम्ही सारखं म्हणत होतात. "वहिनी, हे बघा ना, हे बघा!"

पुढच्या वर्षी, मी चौदा वर्षांची असताना, तुमच्या खुर्चीत बसून मी ओठ मिटले आणि ते मिटले! जोर न लावता. तुम्ही आरसा धरलात. मी म्हटलं, मुंबई. ओठ दोनदा मिटले आणि दोनदा उघडले. तुम्ही टेबलावर मूठ आपटलीत. त्याच महिन्यात कामगार मैदानातल्या सभेत मी कलापथकात पहिल्यांदा उभी राहिले, आणि एक कडवं तर एकटीनं म्हटलं. तुम्ही आला होतात. मी वरून तुम्हाला शोधलं. सगळे माझा आवाज ऐकत होते आणि तुम्ही पायांच्या बोटांवर उभं राहून माझ्या ओठांकडे बघत होतात.

इथपर्यंतची गोष्ट तुम्ही शंभर जणांना सांगितलीत. यापुढची तुम्हाला ठाऊक नाही.

तुम्ही म्हणाला होतात, आणलं तेवढ्यानं काही होत नाही, ते टिकलं पाहिजे. वाढ पुरी होईपर्यंत झोपताना ठोकळा घालायचाच. मी घालत होते, अगदी देवाशपथ. मग राज्य झालं. त्या दिवशी लालबागमध्ये दुपारपासून लेझीम, गुलाल, घराघरांतून पेढे. रात्री मी ठोकळा लावून निजायच्या तयारीत होते. बाबांनी खालून हाक मारली. मी ठोकळा काढून रुमालात बांधला, रुमाल कमरेला खोचला आणि धावले. किती नाचलो आम्ही! घरी आले तेव्हा कमरेला रुमाल नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा रस्ता धुंडाळला. गुलाल, तुटलेले हार, कुणाची तरी एक चप्पल. ठोकळा नाही.

तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. तो एक ठोकळा करायला तुम्हाला किती दिवस लागायचे ते मी पाहिलं होतं. शिवाय तुम्ही तेव्हा चार महिने बाहेरगावी होतात. परत आलात, मोजलंत. तीन. "घालतेस ना?" "हो." "बघ! बघ, टिकतंय!" तुमचा चेहरा असा फुलला की माझं तोंडच उघडेना. पुढच्या खेपेला ठोकळा दाखवायला सांगितलात तेव्हा मी सगळं आईवर ढकललं. म्हटलं, आईनं उकळत्या पाण्यात टाकला, वाकडा झाला. "हरकत नाही, तुझी वाढ पुरी झालीय, आता गरजही नाही," तुम्ही म्हणालात आणि वहीत लिहिलंत: नियमित वापर.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती एक पोरकट थाप राहिली असती. पण निर्मला होती.

दादरची निर्मला. माझ्याच वयाची, तोच मागे गेलेला जबडा, तसाच ठोकळा. तिचाही नऊवरून तीनवर आला होता. आम्ही दोघी तुमच्या बाकावर शेजारी बसून एकमेकींना दात दाखवायचो. सतराव्या वर्षी तिचं मोजलंत आणि सहा भरलं. तुम्ही दोनदा मोजलंत. मग तुमचा आवाज चढला. "तू घालत नाहीस."

"घालते बाई. रोज घालते."

"मग मागे कसं गेलं? ही सुलभा बघ. तिनं घातला, तिचं आहे तिथेच आहे. खोटं कशाला बोलतेस?"

मी तिथेच उभी होते, बाई. तीन हातांवर. निर्मला रडत जिन्यानं खाली गेली. मी मागोमाग गेले. ती म्हणाली, "मी रोज घालते गं." मी तिच्याकडे बघितलं नाही. ती पुन्हा तुमच्याकडे आली नाही. खरं बोलणारी खोटी ठरली आणि माझं उदाहरण तुम्ही परिषदांत सांगत राहिलात.

मी सांगायला निघाले नाही असं नाही. दर पाच वर्षांनी तुमचं कार्ड यायचं, 'तोंड घेऊन ये', आणि मी यायची. लग्नाच्या आधी एकदा म्हटलं, "बाई, एक सांगायचंय." तुम्ही म्हणालात, "आधी तोंड उघड." आणि तुमची बोटं तोंडात असताना कोण काय बोलणार? नंतर आकडा ऐकून तुम्ही इतक्या खूश व्हायचात की माझं धैर्य गळायचं. चाळिशीत तर तुमच्याशी वादच घातला मी. म्हटलं, ठोकळ्यामुळेच टिकलं कशावरून, माझी हाडंच तशी असतील. तुम्ही म्हणालात, "ठोकळा घातलास म्हणून आज हे म्हणायला तोंड आहे तुला." हसून विषय संपवलात. मी तेव्हा खरं सांगायच्या किती जवळ आले होते, हे तुम्हाला कळलं असतं तर!

परवा आकडा वाचून झाल्यावर मी अनिताला सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल. ती ताडकन उठली. अगदी तुमच्यासारखी.

"मावशी! म्हणजे पंधराव्या वर्षापासून काहीही न घालता? सदतीस वर्षं?"

"हो."

"पण हे तर जास्त भारी आहे! ओठ मिटले, दात एकमेकांत घट्ट बसले, वाढही पुढच्या दिशेनं झाली, म्हणून शरीरानंच धरून ठेवलं. आणि ती दुसरी मुलगी? तिची वाढ वेगळ्या दिशेनं गेली असेल. घालूनही गेलं असेल मागे. तिला कुणी पुन्हा पाहिलंय का?"

तुमची वही काढली. निर्मलाच्या पानावर दादरचा पत्ता होता. तिथे गेले तर शेजाऱ्यांनी सांगितलं, हिंदमाताला साड्यांचं दुकान आहे तिचं. काल दुपारी मी त्या दुकानात गेले. ती गिऱ्हाइकापुढे साडी उलगडत होती. पस्तीस वर्षांनी पाहिलं तरी मी ओळखलं, आणि तिनंही. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी थांबले आणि एका दमात बोलून टाकलं. मी घालत नव्हते. ठोकळा हरवला होता. तू खरं बोलत होतीस, आणि मी गप्प बसले.

ती साडीची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं."

"कसं?"

"जिन्यात तू माझ्याकडे बघितलं नाहीस."

तिनंच स्टूल पुढे सरकवलं.

"बाई आल्या होत्या इथे," ती म्हणाली. "सात-आठ वर्षं झाली. याच स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, निर्मला, मी तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता. तुझ्यानंतर आणखी मुली आल्या, त्यांनी घालूनही मागे गेलं. मी चुकले. असं म्हणून हात जोडले गं त्यांनी, एवढ्या मोठ्या बाईनं! मी त्यांना चहा पाजला. त्यांनी ये म्हटलं, पुन्हा मोजू. मी नाही गेले."

बाई! तुम्ही मला हे कधी बोलला नाहीत. माझ्या खोट्यावर उभं केलेलं तुमचं मत तुम्ही स्वतःच तपासलंत, स्वतःच मोडलंत, आणि हिंदमाताच्या गर्दीतून जाऊन माफी मागितलीत. मी मात्र तुम्ही जाईपर्यंत थांबले. त्या स्टुलावर बसून मला रडू यायला हवं होतं, आणि झालं उलटंच. तुमचा असा अभिमान वाटला की मी निर्मलाचा हातच धरला.

"चल," म्हटलं. "आत्ताच्या आत्ता. गिरगाव."

"वेडी आहेस का? दुकान उघडं आहे."

"का गेली नाहीस तू तेव्हा?"

तिनं साडी फळीवर ठेवली. "आणखी मागे गेलं असेल तर? आरशात बघून रोज वाटतं, गेलं असेल."

"आणि नसेल तर?"

तिनं सुनेला फोन करून दुकानात बोलावलं. आम्ही टॅक्सीनं आलो. अनितानं तिला खुर्चीत बसवलं, फूटपट्टी टेकवली, कपाटातला सतराव्या वर्षीचा साचा काढून हातात धरला आणि पुन्हा मोजलं. सहा. जेवढं मागे जायचं होतं तेवढं तेव्हाच गेलं होतं, बाई. त्यानंतर एक रेघसुद्धा नाही. बापरे, अनिता काय नाचली! "मावशी, हेही टिकलंय!" निर्मलानं आरसा मागितला आणि बराच वेळ स्वतःकडे बघत बसली. मग हसली. सगळे दात दाखवून.

अनितानं नवीन पान उघडलं आणि विचारलं, "ठोकळा किती नियमित घालत होता?"

निर्मलानं माझ्याकडे पाहिलं.

"रोज," मी म्हटलं. "लिही. ती रोज घालत होती."